दाट पेरलं म्हणून आडोसा दाट होत नाही

वाचकाचं पत्र :

सप्रेम नमस्कार. आम्ही मिझुरी राज्याच्या मध्यभागी राहतो. सेंट लुइसहून शनिवार-रविवारी जायला म्हणून थोडी जमीन घेतली आहे. त्यात दीड एकर पांढऱ्या क्लोव्हरचा (रुंद पानांचा बुटका चारा) फूड प्लॉट, म्हणजे रानातल्या प्राण्यांना चरायला राखलेला तुकडा, केलाय. हरणं, टर्की, लावे येतात. शिकार आम्ही करत नाही. एका कोपऱ्यात लाकडी खोपी आहे, तिथून बघतो आणि फोटो काढतो. प्लॉटच्या दक्षिणेला ६०० फूट लांबीचा काउंटी रोड आहे. हरणं दिसली की गाड्या थांबतात, दारं वाजतात आणि हरणं पळतात. म्हणून आडोशासाठी रस्त्याच्या कडेने २० फूट रुंद पट्ट्यात इजिप्शियन व्हीट या उंच वाढणाऱ्या पिकाच्या बियाण्याची १० पौंडांची पूर्ण पिशवी ८ मे रोजी फेकून पेरली. ऑगस्टमध्ये पीक दहा फूट झालं, आनंद झाला. सप्टेंबरच्या मध्यात एका वादळात अर्ध्याहून जास्त आडवं झालं. पश्चिमेकडे ओकची रांग आहे, तिथलं शेवटचं शंभर फूट तर तीन फुटांवरच थांबलं होतं. खाली फॉक्सटेल गवत माजलं होतं. पानं चिकट आणि काळी पडली होती.

विचारायचं ते असं : पुढच्या वर्षी अजून दाट पेरू का? तण मारायला काय फवारू? त्याऐवजी आपली अंबाडी किंवा ताग लावला तर? भावाकडून गावची मालदांडी मागवली तर चालेल का? पूर्वेच्या कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचे दोन घोडे आहेत, त्यांना काही धोका?

— एक वाचक, मध्य मिझुरी

उत्तर :

नमस्कार. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. अजून दाट पेरू नका. तुमचं पीक दाटीनेच पाडलं. वादळ फक्त निमित्त झालं.

हिशेब करून बघा. ६०० फूट गुणिले २० फूट म्हणजे १२,००० चौरस फूट. एकर ४३,५६० चौरस फुटांचा, म्हणजे तुमचा पट्टा एकराच्या पाव हिश्श्यापेक्षा जरासा मोठा, ०.२७५ एकर. त्यात १० पौंड बी पडलं, म्हणजे एकरी ३६ पौंड. या पिकाला फेकून पेरायचं तर एकरी १० ते १२ पौंड आणि ओळीत पेरायचं तर ८ पौंड पुरतं. एका पौंडात साधारण १५ हजार दाणे धरले, तर तुमच्याकडे दर चौरस फुटात बारा दाणे पडले. हवी होती दोन रोपं. पिशवीवर ‘पाव एकरासाठी’ किंवा ‘अर्ध्या एकरासाठी’ असं छापलेलं असलं तरी त्यावर जाऊ नका. बियाण्याचं वजन आणि पट्ट्याचं क्षेत्रफळ आपणच मोजायचं.

दाटीत नेमकं काय होतं? प्रत्येक रोप शेजारच्याच्या सावलीतून डोकं बाहेर काढायला धावतं. उंची मिळते, जाडी मिळत नाही. धाट पेन्सिलीएवढं राहतं, बुंध्यापाशी फुटणारी आधाराची मुळं नीट सुटत नाहीत आणि फुटवे जवळजवळ येतच नाहीत. वर मात्र कणीस भरतं. दहा फुटांच्या बारीक काडीच्या टोकाला दाण्यांचा झुबका, त्यात पावसाचं पाणी, त्यावर वारा. एक ताट कललं की ते शेजारच्यावर पडतं आणि पट्टाच्या पट्टा लोळतो. विरळ पीक आधी बघायला उघडंबोडकं वाटतं. जूनच्या शेवटी तर ‘यातून आरपार दिसेल’ अशी खात्रीच वाटते. पण बोटभर जाड धाट, दोन-दोन फुटवे आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत रुंद पानं, असं झालं की ऑगस्टमध्ये त्याच पट्ट्यातून पलीकडचं काही दिसत नाही. दाट पिकात खालची पानं उजेडाअभावी वाळून जातात. मग हरणाच्या उंचीवर, म्हणजे नेमका जिथे आडोसा हवा तिथेच, काड्यांमधून सगळं दिसतं.

या पिकाची ओळख नीट करून घेतली तर तुम्हाला बरंच काही आपोआप उलगडेल. इजिप्शियन व्हीट हा गहू नाही. ती ज्वारी आहे, आपल्या जोंधळ्याच्याच जातकुळीतली, फक्त दाण्यासाठी नाही तर उंचीसाठी राखलेली. त्यामुळे ज्वारीला जे लागतं ते हिला लागतं आणि ज्वारीला जे रोग होतात ते हिला होतात. गावाकडे ज्वारी पाहिलेल्या माणसाला हे पीक अमेरिकेतल्या अनेकांपेक्षा लवकर कळायला हवं.

एक तपासणी आत्ताच करा. शेतात पडलेली धाटं अजून असतील तर जमिनीलगतची दहा-बारा उचलून उभी चिरा. आतला गाभा पांढरट आणि धड असेल तर दोष निव्वळ दाटीचा. गाभ्याचे धागे सुटे झालेले असतील आणि त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके असतील, तर तो खडखड्या. मिझुरीत ऑगस्टची कोरडी उष्णता आणि दाण्यात येणारं दाट पीक हे दोन्ही एकत्र आले की हा रोग यायची शक्यता वाढते. जमिनीतच असतो तो. त्यावर फवारणी नाही. विरळ लागण, बेताचं नत्र आणि जागेची फेरपालट, एवढेच उपाय. काळे ठिपके सापडले तर पुढच्या वर्षी त्याच पट्टीत ज्वारी घेऊ नका.

आता पेरणी. ८ मे तुमच्याकडे लवकर झाली. मध्य आणि ईशान्य मिझुरीत बऱ्याच ठिकाणी मातीखाली घट्ट चिकणमातीचा थर असतो, त्याला तिकडे क्लेपॅन म्हणतात. मे महिन्याच्या सुरुवातीला वरचं पाणी त्या थरावर तुंबतं, माती थंड राहते, बी अर्धवट उगवतं आणि तणाला मोकळं रान मिळतं. सकाळी नऊच्या सुमारास दोन इंच खोलीवर मातीचं तापमान ६५ अंश फॅरनहाइट सलग चार-पाच दिवस दिसलं की पेरा. तुमच्याकडे हे मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जमतं. उशिरा पेरण्याचा अजून एक फायदा आहे. मेच्या सुरुवातीला पेरलेलं पीक ऑगस्टअखेर दाण्यात येऊन वाळायला लागतं. तुम्हाला आडोसा हवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तेव्हा ते म्हातारं झालेलं असतं.

आमचा सल्ला असा की २० फुटांचा एक पट्टा करू नका. दहा-दहा फुटांचे दोन करा आणि मधे सहा फूट मोकळी वाट ठेवा. रस्त्याकडचा पट्टा मेअखेर पेरा, आतला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. दोन वेगळ्या वयाची पिकं एकाच वादळात सहसा सारखी पडत नाहीत. मधल्या वाटेत गवत कापायचं यंत्र फिरतं, तण काढायला आत शिरता येतं आणि एक पट्टा कलला तरी दुसऱ्यावर पडत नाही.

दोन्हीत एकच बी टाकू नका. रस्त्याकडच्या पट्ट्यासाठी सॉर्घम-सुदान गवताचं (ज्वारी आणि सुदान गवताचा संकर) असं वाण घ्या, जे दिवसाच्या लांबीवर चालतं. बियाण्याच्या दुकानात ‘फोटोपीरियड सेन्सिटिव्ह’ असं विचारलंत की देतील. दिवस साधारण १२ तास २० मिनिटांहून लहान झाल्याशिवाय हे वाण निसवतच नाही. मिझुरीत तो दिवस सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो आणि ऑक्टोबरच्या मध्याला हिमकडाका पडतो. म्हणजे दाण्याचा जड झुबका तयार व्हायला वेळच मिळत नाही. डोक्यावर ओझं नाही म्हणून पीक उभं राहतं. आतल्या पट्ट्यात मात्र इजिप्शियन व्हीटच ठेवा. त्याचे दाणे लाव्यांना, टर्कींना आणि हिवाळ्यातल्या चिमण्या-कार्डिनलना लागतातच. ते थोडं वाकलं तरी बिघडत नाही. उलट वाकलेल्या कणसांखाली लाव्यांना दाणेही मिळतात आणि निवाराही.

बी घेताना दोन गोष्टी टाळा. ‘बीएमआर’ लिहिलेलं वाण घेऊ नका. ते दुभत्या जनावरांच्या चाऱ्यासाठी काढलेलं असतं, त्यात लिग्निन कमी असतं. गाईला पचायला छान, पण लिग्निन म्हणजेच धाटाचा कणा. तो काढून घेतल्यावर आडोसा कसा उभा राहील? दुसरं, मायलो, म्हणजे दाण्यासाठीची बुटकी ज्वारी, घेऊ नका. ते तीन ते पाच फुटांवर थांबतं.

दोन पट्ट्यांचं मिळून क्षेत्र तेच, १२,००० चौरस फूट, म्हणून बी लागेल एकूण सव्वादोन पौंड. सव्वादोन पौंड! गेल्या वर्षीच्या पिशवीचा चौथा हिस्सा. दर पट्ट्यात १५ इंचांवर आठ ओळी आणि ओळीत चार-पाच इंचांवर एक रोप, असं केलं की दर चौरस फुटाला दोन रोपं बसतात. हाताने ढकलायचं एका ओळीचं पेरणी यंत्र या कामाला सर्वांत चांगलं. बी पाऊण ते एक इंच खोल जाऊ द्या आणि वरून माती दाबा, रूळ नसेल तर चाकाने किंवा पायाने. फेकूनच पेरायचं असेल तर सव्वातीन पौंड घ्या, ते बादलीभर कोरड्या वाळूत मिसळा, दोन भाग करा, एक भाग लांबीने आणि दुसरा रुंदीने फेका. तरीही ओळच बरी, कारण ओळीत कोळपता येतं. उगवून तीन आठवडे झाले की एकदा विरळणी करा. जिथे गठ्ठ्याने उगवलंय तिथे निर्दयपणे उपटा. हे काम जिवावर येतं, पण याच कामाने पीक उभं राहतं.

खताचं आधी माती तपासा. मिझुरी विद्यापीठाच्या एक्स्टेन्शनचं, म्हणजे शेती सल्ला विभागाचं, कार्यालय तुमच्या काउंटीत किंवा शेजारच्या काउंटीत असेल, तिथे नमुना द्या. सामू (पीएच) ६ ते ६.५ हवा. कमी निघाला तर चुना आदल्या शरदातच टाकावा लागतो, पेरणीच्या वेळी टाकून त्या हंगामाला फारसा उपयोग नाही. तपासणी राहूनच गेली तर या पट्ट्याला १९-१९-१९ ची ५० पौंडांची एक गोणी पेरणीआधी मातीत मिसळा आणि पीक गुडघ्याएवढं झालं की ३० पौंड युरिया द्या. दोन्ही मिळून नत्र एकरी ८५ पौंडांच्या आसपास जातं, त्याहून जास्त नको. जास्त नत्राचं धाट पोसलेलं दिसतं, पण आतून मऊ असतं आणि मऊ धाट पहिल्या वाऱ्यात मोडतं. युरिया पाऊस येणार असेल त्याच्या आदल्या दिवशी टाका. उन्हात वरच पडून राहिला तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. पानं ओली असताना टाकू नका, पोंग्यात दाणे अडकून पानं करपतात. युरिया दिल्यावर ओळींना मातीची भर लावा. बुंध्याशी तीन-चार इंच माती चढली की आधाराची मुळं तिच्यात शिरतात. एवढ्याशा पट्ट्यात हे काम एका शनिवारचं आहे.

ओकच्या बाजूचं शंभर फूट तीन फुटांवर का थांबलं, याचं कारण सरळ आहे. ज्वारीला दिवसाचं निदान सहा-आठ तास थेट ऊन लागतं, ते तिथे मिळालं नाही. आणि ओकची मुळं पसाऱ्याच्या बाहेर बरीच लांब जातात. जुलै-ऑगस्टमध्ये मातीतलं पाणी आधी झाड घेतं, उरलं तर तुमचं पीक. तिथे खत वाढवून काही होणार नाही. पट्टा झाडांच्या पसाऱ्यापासून २५-३० फूट अलीकडेच थांबवा. राहिलेल्या भागात तोडलेल्या फांद्यांची रास रचा किंवा रेड सीडारची रोपं लावा. सीडार बारमाही हिरवा राहतो आणि तिथल्या मातीत सहज जगतो. तो मोठा होईपर्यंत फांद्यांची रास पुरेल. एक मात्र बघा, जवळपास सफरचंदाची बाग असेल तर सीडार लावू नका. सफरचंदाच्या तांबेऱ्याचं एक बिऱ्हाड सीडारवर असतं.

सावलीचाही विचार करा. तुमचा रस्ता दक्षिणेला आहे, म्हणून आडोशाची सावली थेट क्लोव्हरवर पडणार. तुमच्या अक्षांशावर ऑक्टोबरच्या मध्यात भर दुपारी दहा फूट उंचीची सावली सुमारे अकरा फूट लांब पडते आणि डिसेंबरअखेर ती १९ फुटांच्या आसपास जाते. आतल्या पट्ट्याला लागून १२ फूट क्लोव्हर थोडी खुरटी राहील हे गृहीत धरा. ती नांगरू नका, कापून ठेवा. हरणांना आडोशाच्या कडेने चालायला आवडतं आणि सावलीतली ती पट्टी त्यांची वाट होते. रस्त्याच्या बाजूला काउंटीच्या हद्दीत, म्हणजे चर आणि त्याच्या कडेला, काहीही पेरू नका. रस्त्याला वळण किंवा फाटा असेल तर तिथे गाडीवाल्याची नजर अडणार नाही एवढी जागा मोकळी सोडा.

आता तण. फॉक्सटेल गवत माजलं ते तणाचा बंदोबस्त पेरणीआधी न झाल्यामुळे. ज्वारी पहिले तीन-चार आठवडे अतिशय हळू वाढते. तेवढ्या काळात गवत वर गेलं की पीक हरलं. पेरल्यावर गवतावर फवारायला तुमच्या हातात जवळजवळ काही नाही, कारण ज्वारी स्वतः गवत आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक दोघांनाही मारेल. क्लोव्हरमधलं गवत मारायला तुम्ही जे क्लेथोडिम वापरत असाल, त्याचा फवारा वाऱ्याने इकडे आला तरी ज्वारी जाईल. म्हणून लढाई पेरणीआधीच जिंकायची. एप्रिलअखेर पट्टा तयार करून ठेवा, पण पेरू नका. तण उगवू द्या. ते तीन-चार इंच झालं की ग्लायफोसेट मारा. दोन आठवड्यांनी दुसरी लाट येईल, तीही मारा किंवा अगदी वरवर कोळपून काढा आणि लगेच पेरा. दुसऱ्या वेळी खोल नांगरू नका, खालचं नवं बी वर येईल. नंतर महिनाभरात दोन कोळपण्या. पीक कमरेला लागलं की स्वतःच सावली करून तण दाबतं.

रुंद पानांचं तण, म्हणजे वॉटरहेम्प वगैरे, पीक सहा-आठ इंच असताना टू-फोर-डी या तणनाशकाने मारता येतं, पण आम्ही तुम्हाला ते सुचवणार नाही. तुमच्यापासून काही फुटांवर दीड एकर क्लोव्हर आहे आणि ती रुंद पानांचीच आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी हलका वारा पुरतो. शिवाय त्या औषधानंतर काही दिवस ज्वारीची धाटं ठिसूळ होतात, तेवढ्यात वादळ आलं की मोडतात. ॲट्राझिन हे तणनाशक वापरायला परवाना लागतो आणि ते जमिनीत उरतं, पुढच्या हंगामात तिथे क्लोव्हर लावायची झाली तर ती उगवून मरते. एस-मेटोलाक्लोर गवताला अडवतं, पण फक्त संरक्षक औषध लावलेल्या बियाण्यावरच. साधं बी असेल तर ज्वारीच उगवणार नाही. एवढी सगळी पथ्यं पाळण्यापेक्षा पाव एकरात हातकोळपं फिरवणं सोपं.

गवत काढताना एक तपासा. जमिनीखाली जाडजूड पांढरी कांडी असलेलं, ज्वारीसारखंच दिसणारं रोप सापडलं तर ते जॉन्सन गवत. मिझुरीत ते कायद्याने हानिकारक तण आहे आणि ठेवू नये असं आहे. कांडीसकट खणून काढा, तुकडा राहिला तर पुन्हा फुटेल. कुणी सुटं, खात्री नसलेलं बी फुकट देत असेल तर याच कारणासाठी नको म्हणा.

चिकट काळी पानं माव्यामुळे. ज्वारीवरचा हा मावा अमेरिकेत २०१३ पासून टेक्सासकडून वर पसरला. पानाच्या मागे फिकट पिवळसर किड्यांचे थर बसतात, रस पितात, गोड चिकटा सोडतात आणि त्यावर काळी बुरशी चढते. जुलैच्या मध्यापासून आठवड्यातून एकदा खालची पानं उलटून बघा. लेडीबर्डच्या अळ्या आणि जाळपंखी कीटक दिसत असतील तर थांबा, बहुतेक वेळा ते सांभाळून घेतात. आडोशासाठी लावलेल्या पिकावर कीटकनाशक मारायला आमचा कल नाही. टर्कीची आणि लाव्यांची पिल्लं पहिल्या काही आठवड्यांत जवळजवळ किड्यांवरच वाढतात. तुम्ही ज्यांच्यासाठी हा खटाटोप करताय त्यांच्याच ताटातलं काढून घ्याल. बी घेतानाच मावा सोसणारं वाण विचारा.

अंबाडी आणि ताग. विचार चांगला आहे, पण जागा चुकली आहे. दोन्ही तिकडे मिळतात, केनाफ आणि सन हेम्प या नावांनी. बारा फुटांपर्यंत जाणारी अंबाडी उत्तम आडोसा व्हायला हवी होती, पण पांढऱ्या शेपटीच्या हरणांना तिची पानं अतिशय आवडतात. फूटभर असतानाच शेंडे खुडतात आणि मग ती झुडपासारखी राहते. तागाचंही तेच, शिवाय पहिल्या हिमकडाक्यात त्याची पानं गळून नुसत्या काठ्या उरतात. ज्वारी आडोशाला चालते ती नेमकी हरणांना तिची पानं फारशी रुचत नाहीत म्हणून. आडोशाला लावायचं ते हरणाला नको असलेलंच हवं. मका याच कारणाने बाद होतो, कणसं आली की हरणं आत शिरून तो आडवा करतात. तरी ताग सोडू नका. क्लोव्हर ऑगस्टच्या उन्हात मलूल होते, तेव्हा आतल्या बाजूला पाव एकर ताग असेल तर हरणांना हिरवं खायला राहतं आणि जमिनीला नत्र मिळतं. पूर्वी तिथे ताग घेतला नसेल तर बियाण्याला चवळी गटाचं जिवाणू खत लावा. अंबाडी लावलीत तर शेजाऱ्यांना आधी सांगा. केनाफची हातासारखी चिरलेली पानं लांबून गांजासारखी दिसतात आणि रस्त्यालगत उगाच चौकशा नकोत.

मालदांडी मागवू नका. सामानातून किंवा टपालाने बी आणायला अमेरिकेच्या कृषी खात्याची रीतसर परवानगी आणि भारतातला रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि हा नियम उगाच नाही. ज्वारीचे कितीतरी रोग बियाण्याबरोबर प्रवास करतात. तसंही हे वाण तुमच्या कामाचं नाही. मालदांडी ही रब्बीची ज्वारी, पाऊस संपल्यावर सोलापूरकडच्या काळ्या जमिनीत, मुरलेल्या ओलीवर, लहान दिवसांत वाढण्यासाठी निवडलेली. मिझुरीच्या जूनमधला पंधरा तासांचा दिवस तिच्यासाठी नाही.

घोड्यांचा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं केलंत, कारण तो सर्वांत गंभीर आहे. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात, पाण्याचा ताण पडलेल्या पिकात आणि हिमकडाक्यानंतर सायनाइड तयार होतं. किराळ लागून गाय दगावल्याचं गावाकडे ऐकलं असेल, तेच हे. गाई-शेळ्यांना धोका सर्वांत जास्त. घोड्यांमध्ये वेगळंही दुखणं होतं. सॉर्घम-सुदान खात राहिलेल्या घोड्यांच्या मूत्राशयाला सूज येते, मागचे पाय लटपटतात आणि त्यातून ते बहुधा पूर्ण बरे होत नाहीत. हरणं ही पानं फार कमी खातात आणि मोकळी असल्याने दुसरीकडे वळतात, म्हणून त्यांना सहसा त्रास होत नाही. पूर्वेच्या कुंपणापासून किमान २० फूट जागा सोडा आणि वादळानंतर आडवं झालेलं पीक कुंपणापर्यंत गेलं नाही ना, ते त्याच दिवशी बघा. कापलेला कडबा कुंपणावरून देऊ नका, शेजाऱ्यांनी मागितला तरी.

आत जायची वाट सरळ ठेवू नका. पट्ट्यात आरपार फट पाडली तर रस्त्यावरून त्याच फटीतून सगळं दिसेल. बाहेरच्या पट्ट्यातली फट एका जागी आणि आतल्यातली तिथून २० फूट पुढे ठेवा, मधल्या सहा फुटांच्या वाटेने वळून आत जायचं. फट आग्नेय कोपऱ्याजवळ असावी आणि खोपीही शक्यतो तिकडेच. शरदात थंड हवेची लाट येऊन गेली की तुमच्याकडे वारा वायव्येकडून वाहतो आणि नेमकं तेव्हाच हरणं दिवसाउजेडी बाहेर पडतात. आडोसा नजर अडवतो, वास अडवत नाही. खोपी वायव्येला असेल तर दहा फुटांची भिंत असूनही हरणं येणार नाहीत.

एवढं सगळं जमलं तरी हे पीक सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच कामाचं आहे. जानेवारीत ओला बर्फ किंवा गारठलेल्या पावसाचं काचेसारखं कवच बसलं की कुठलीही ज्वारी खाली जाते, त्यात तुमची चूक नसेल. पडलेलं मार्चपर्यंत तसंच राहू द्या, पक्षी त्यात वावरतात. पक्ष्यांची घरटी सुरू होण्याआधी कापून बारीक करा. कायमचा आडोसा हवा असेल तर स्विचग्रास हे उंच गवत लावा. ते बारमाही आहे, पण उंच व्हायला दोन-तीन वर्षं घेतं. ते ज्वारीच्या पायाशी लावू नका, सावलीत मरेल. ज्वारीच्या मुळांतून झिरपणारी द्रव्यंही बारीक बियांना उगवू देत नाहीत. रस्त्याकडच्या पट्ट्यालगत वेगळी १५ फूट जागा त्याला द्या. त्याचं बी मात्र फेब्रुवारीत, गोठणाऱ्या-वितळणाऱ्या जमिनीवर नुसतं फेकलं तरी चालतं. तेवढी थंडी मिळाल्याशिवाय ते नीट उगवतच नाही.